पितरांचं जेवण होईपर्यंत

कौल दुसऱ्यांदा पालथा पडला, तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती.

थ्येनफाकाकांनी गुडघ्यावर हात टेकून वाकत, चंद्रकोरीसारखे ते दोन लाकडी ठोकळे उचलले. एक उताणा आणि एक पालथा पडला असता, तर पितर जेवून तृप्त झाले असं समजून घरच्यांनी पानावर बसायचं. दोन्ही पालथे म्हणजे नाही. अजून त्यांचं चाललंय.

"दादा सावकाशच जेवायचे," गेलेल्या थोरल्या भावाच्या तसबिरीकडे बघत काका म्हणाले. चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवून त्यांचा आवाज असा झाला होता, की वाईट बातमीसुद्धा पाढा म्हटल्यासारखी वाटावी. "थांबू या अजून थोडं. नवी उदबत्ती लाव, किमचुआन."

"मी उशिरा आले म्हणून बाबा रुसलेत," मेइचू म्हणाली. तैपेईहून ती साडेदहाला पोचायची ती साडेअकराला पोचली होती, आणि तिच्यासाठी सगळं अडलं होतं. "स्टेशनवर टॅक्सीच मिळेना, त्याला मी काय करू?"

"ते असताना तू कधी वेळेवर आलीस, म्हणून आज रुसतील?" किमचुआनने काडी ओढत बहिणीला सुनावलं. "त्यांना सवय आहे."

काका हसले. किमचुआनची बायको लीश्या हसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती सासूकडे बघत होती.

सासूबाई देवघराच्या बाजूला बांबूच्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या. आईबापांना पाचवी मुलगी नको होती, म्हणून त्यांचं नाव बोंगची ठेवलेलं. असू दे, पोसू कशीतरी, असं म्हणून ठेवलेलं नाव. नवऱ्याच्या तिथीचा स्वयंपाक त्या अजूनही दुसऱ्या कुणाला करू देत नसत. आज पहाटे चारला उठून त्यांनी कोंबडी उकडली, तळ्यातले दोन मासे आल्यात शिजवले, बांबूच्या कोंबाचं सूप केलं, कालवांची भजी तळली. मामंजींना आवडणारं कोहळ्याचं गोड पेय काल रात्रीच बाजारातून आणवून ठेवलं होतं. त्याचा पेला भाताच्या वाडग्याशेजारी भरलेला होता. सगळं टेबलावर मांडून झालं होतं. वाफा केव्हाच विरल्या होत्या.

सासूबाईंचा उजवा हात मांडीवर काहीतरी मळत होता. कणकेचा गोळा मळावा तसा. हातात काही नव्हतं.

 आज नको, लीश्या मनात म्हणाली. आज तरी नको. मेइचूच्या समोर नको.

मेइचूच्या पर्समध्ये एक फॉर्म होता. च्यायीजवळच्या एका वृद्धनिवासाचा. स्मृती गेलेल्या माणसांसाठी तिथे वेगळा मजला होता, खिडक्यांना जाळ्या होत्या, दाराला बाहेरून कडी होती. आज जेवणं झाली की भावाबहिणीने त्यावर सही करायची, असं ठरलं होतं. आणि ते ठरवण्यात लीश्याचाही वाटा होता, हे तिच्याइतकं कुणालाच टोचत नव्हतं. गेल्या महिन्यात फोनवर मेइचूने विचारलं होतं, "वहिनी, तू तिच्याबरोबर राहतेस. तू सांग. झेपतंय का तुला?" सासूबाईंना तळ्याच्या बांधावरून ओढून आणून तेव्हा दोन तास झाले होते. पाय पाण्यात सोडून त्या उन्हात बसल्या होत्या, आणि लीश्याला ओळखतही नव्हत्या. अंग चिखलाने भरलेलं असतानाच लीश्याने फोनवर सांगितलं होतं, "नाही झेपत."

ते खोटं नव्हतं. पण खरं बोलूनही माणसाला चोरी केल्यासारखं वाटू शकतं.

"आई," मेइचू स्टुलाजवळ जाऊन बसली, "दमलीस का? आत जाऊन पडतेस जरा?"

सासूबाईंनी वर पाहिलं. कपाळ कोरडं होतं. हातही थरथरत नव्हता. फक्त डोळे दुसरीकडेच कुठेतरी होते. मुलीच्या चेहऱ्यावर ते आले, थांबले, आणि त्यांच्यात भीती भरत गेली.

"मी नाही चाखलं, सासूबाई," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शपथ. जीभसुद्धा लावली नाही. तुम्ही तोंडाचा वास घेऊन बघा." आणि एकोणऐंशी वर्षांच्या बाईने आपल्या लेकीसमोर 'आ' केला.

 उदबत्तीची राख गळून पडली.

ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. बोंगची नवी नवरी होती, एकोणीस वर्षांची. सासऱ्यांच्या तिथीला कोंबाच्या सुपात मीठ बरोबर आहे का म्हणून तिने चमचाभर चाखलं, आणि सासूने चुलत्यापुतण्यांच्या देखत तिच्या थोबाडीत मारली. पितरांच्या आधी सुनेच्या तोंडात घास जात नाही. सासूबाई ती गोष्ट नेहमी हसत सांगायच्या; त्या दिवशी सूप खारट झालं होतं, पण पितरांनी तक्रार केली नाही, असं म्हणून शेवट करायच्या. आज त्या हसत नव्हत्या. गालावर हात धरून बसल्या होत्या.

मेइचू उठली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "पाहिलंस दादा? मला सासू समजते ती. आणि तू म्हणतोस, 'वय झालं की होतं असं'. मी काय उगाच घाई करते?"

"मी सही करणार नाही असं कधी म्हटलं?" किमचुआन म्हणाला. बोलताना तो आईकडे नव्हे, बापाच्या तसबिरीकडे बघत होता.

"पोरांनो, हळू," काका म्हणाले. "त्यांना ऐकू येतंय."

"ऐकू येतं, काका. कळत नाही."

"पाणी आणते," लीश्या पुटपुटली आणि आत गेली. तिला पाणी आणायचं नव्हतं. तिला त्या खोलीत थांबवत नव्हतं.

मागचं दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर घरची पिवळी मांजरी पाय ताणून पडली होती. आज इतक्या माशांचा वास सुटलेला असूनही ओट्याभोवती घुटमळत नव्हती. तिच्या पुढ्यातल्या पत्र्याच्या ताटलीला तांदळाची पेज चिकटली होती.

लीश्या ताटलीकडे बघत राहिली.

रोज सकाळी सात वाजता ती सासूबाईंपुढे दोन गोष्टी ठेवायची. सात कप्प्यांच्या डबीतली त्या दिवसाची मधुमेहाची गोळी, आणि अर्ध्या तासाने पेजेचा वाडगा. सासूबाई गोळी घ्यायच्या, पेज संपवायच्या, आणि वाडगा धुऊन पालथा घालायच्या. आज वाडगा धुतलेलाच होता. लीश्याने तो साडेसातला पाहिला होता आणि कौतुकाने म्हटलंही होतं, "आई, आज इतकं काम असून वेळेवर खाल्लंत!" त्यावर सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. माशाची खवलं काढत राहिल्या होत्या.

भिंतीवर मच्छीमार संघाची दिनदर्शिका होती, भरती-ओहोटीच्या वेळा छापलेली. नैवेद्याच्या दिवसांभोवती लीश्या वर्षाच्या सुरुवातीलाच लाल गोल काढून ठेवायची. आणि मेइचूने सांगितलं म्हणून गेले दोन महिने, सासूबाईंना "तसं" झालं त्या दिवशी काळी फुली मारायची. गोल तिने जानेवारीत काढले होते, फुल्या आत्ताआत्ताच्या. दोन्ही एकत्र असं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तिने मागची पानं उलटली. पहिली फुली, सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेला, भुतापितरांच्या नैवेद्याला: भाताच्या भांड्यात चपला सापडल्या तो दिवस. लाल गोलाच्या आत. दुसरी, आजेसासूच्या तिथीला. आत. तिसरी, तळ्याचा बांध, चांद्र महिन्याची पहिली तारीख. आत. एकही फुली गोलाच्या बाहेर नव्हती. आणि दर वेळी जेवून तासभर पडल्यावर त्या ताळ्यावर येत होत्या.

मधुमेहाची गोळी डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच वाढवली होती.

 नैवेद्याच्या दिवशी सासूबाई उपाशी राहतात. गोळी मात्र घेतात, कारण औषध म्हणजे काही अन्न नव्हे. आणि ती गोळी रोज त्यांच्या हातावर ठेवतं कोण?

हे बाहेर जाऊन सांगितलं, तर पहिला प्रश्न काय येईल, ते तिला स्पष्ट ऐकू आलं. मेइचूच्याच आवाजात. आणि न सांगितलं, तर? जेवणं होतील, सासूबाई ताळ्यावर येतील, सही होईल. तिकडे त्यांच्यावर चोवीस तास लक्ष राहील. तिकडे कसली तिथी आणि कसला उपास. इकडे लीश्याला सकाळी सहापर्यंत झोपता येईल.

हा विचार मनात किती वेळ टिकला, ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. पण येऊन गेला, हे ती विसरली नाही.

फडताळातलं साखर मोजायचं यंत्र घेऊन ती धावली.

"त्यांनी काही खाल्लेलं नाही!" ती ओरडली. "काल रात्रीपासून पोटात काही नाही, आणि गोळी घेतलीय! बोट द्या, आई, बोट द्या इकडे."

"पेज खाल्ली म्हणालीस ना सकाळी?" किमचुआनने विचारलं.

"मांजरीने खाल्ली."

यंत्राने पाच सेकंद घेतले. अडतीस.

"हे कमी आहे का?" मेइचूने विचारलं. घरात इतके दिवस जास्तीचीच भीती होती. दोनशे, अडीचशे असे आकडे त्यांना पाठ होते. खालच्या टोकाला काही असतं, याची कुणाला कल्पना नव्हती.

"सत्तरच्या खाली जायचं नाही, असं नर्सबाईंनी एकदा सांगितलं होतं. साखर आणा. गूळ, गोळी, काहीही!"

किमचुआन आत धावला आणि हात हलवत बाहेर आला. "साखर कुठाय?"

लीश्याने कपाळाला हात लावला. घरात साखर नव्हतीच. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच बरण्या रिकाम्या केल्या होत्या. सासूबाई उशीखाली तिळाच्या वड्या लपवायच्या, त्यासुद्धा शोधून फेकल्या होत्या. चहात खोटी साखर. सगळ्या गल्लीत तिच्या शिस्तीची तारीफ होती. लगेच पाजता येईल असं गोड या घरात आज एकच होतं. मामंजींच्या नैवेद्यातला कोहळ्याचा पेला.

तिने टेबलावरून पेला उचलला. मेइचूच्या तोंडून "अगं वहिनी!" निघून गेलं. लीश्याने खाली बसून पेला सासूबाईंच्या ओठांना लावला.

सासूबाईंनी दात घट्ट मिटले.

"आई, एक घोट."

मान हलली. नाही. मिटल्या दातांतून शब्द आले, "त्यांचं व्हायचंय."

"आई, मी मेइचू. मी सांगते, पी."

नाही.

"आई!" किमचुआन ओरडला. त्या दचकल्या, आणि अंग आणखी चोरून बसल्या. डोळ्यांच्या पापण्या जड होऊन मिटत होत्या. जबरदस्तीने ओतलं तर श्वासात जाईल, एवढं लीश्याला कळत होतं. साठ वर्षांपूर्वीची एक थप्पड त्या अजून चुकवत होत्या, आणि ती कुणालाच थांबवता येत नव्हती.

"काका," लीश्या म्हणाली, "पुन्हा कौल लावा. जेवण झालं का, असं नका विचारू. तुमच्या पेल्यातलं वहिनींना देऊ का, असं विचारा. मोठ्याने. त्यांना ऐकू जाईल असं."

काकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग ते तसबिरीसमोर गेले, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "दादा! मी थ्येनफा. वहिनींना बरं नाही. तुमच्या पेल्यातलं त्यांना पाजायचंय. होय म्हणा!"

ठोकळे जमिनीवर आपटले, उसळले, आणि घरंगळत टेबलाखाली गेले. काका गुडघ्यांवर बसून आत वाकले. लीश्याही जमिनीवरच होती. टेबलाच्या पायांमधून तिला दोन फुगीर पाठी दिसल्या. दोन्ही पालथे.

"होय!" काका टेबलाखालून ओरडले. "होय म्हणाले दादा! एक उताणा, एक पालथा! वहिनी, दादांनी परवानगी दिलीय, प्या!"

सासूबाईंचे ओठ उघडले. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा गेला. तिसरा गेला. पेला संपला तेव्हा मेइचू नैवेद्यातली संत्री सोलून मुठीत पिळत होती, रस तिच्या रेशमी बाहीवर सांडत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

पंधरा मिनिटांनी यंत्रावर एकसष्ट आले. सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "मेइचू, तुझ्या बाहीला काय गं झालं?"

मेइचू रडायलाच लागली.

* * *

जिल्ह्याच्या इस्पितळातली डॉक्टरीणबाई वयाने लहान होती आणि भरभर बोलायची. सासूबाईंच्या हाताला साखरेच्या पाण्याची सलाईन लावून झाली होती. तरी तिने आज घरी सोडणार नाही म्हणून सांगितलं.

"आत्ता एकशे दहा आहे ना?" मेइचू म्हणाली.

"आत्ता आहे. संध्याकाळी पुन्हा उतरू शकते. गोळी अजून अंगात आहे." डॉक्टरीणबाईने कागद पुढे केला. "यांचं मूत्रपिंड निम्म्याहून कमी काम करतं. तरुण माणसाच्या अंगातून ही गोळी दिवसभरात निघून जाते. यांच्या अंगात कालची गोळी आजही शिल्लक आणि आजची त्यावर."

"पण गोळी साखर कमी करायचीच असते ना?" किमचुआनने विचारलं. खारवट पाण्याने फाटलेले हात त्याने गुडघ्यांवर ठेवले होते.

"गोळी स्वतः काही करत नाही. ती स्वादुपिंडाला ढोसत राहते, इन्सुलिन सोड, इन्सुलिन सोड म्हणून. समोर जेवण आहे की नाही, हे ती बघत नाही. साखर फार उतरली की शरीरात उलटं काम करणारी संप्रेरकं असतात, ती धावून येतात. यकृतातला साठा मोकळा करतात. घाम फुटतो, हात थरथरतात, सपाटून भूक लागते. म्हणजे धोक्याची घंटा वाजते. वय झालं की ती संप्रेरकं उशिरा येतात, कमी येतात. त्यातून यांची रक्तदाबाची गोळी थरथर दाबते. घंटा वाजतच नाही. एकदम मेंदूच उपाशी पडतो, आणि माणूस भलतंच बोलायला लागतो."

कोरडं कपाळ, लीश्याला आठवलं. स्थिर हात.

 "तळ्याच्या दारासारखं आहे हे," किमचुआन म्हणाला.

"कसलं दार?"

"आमची माशांची तळी आहेत. समुद्राकडच्या अंगाला दार असतं. भरती असेल तर उघडायचं, ओहोटीला बंद ठेवायचं. आता समजा दारावर असा गडी बसवला, ज्याला भरती-ओहोटी कळतच नाही. उघड म्हटलंय म्हणून उघडतो. ओहोटीला तळं रिकामं झालं तरी उघडाच ठेवतो. मासे चिखलात तडफडतात." तो बहिणीकडे वळला. "आणि राखणीचा कुत्रा म्हातारा झालाय. भुंकायचा, तो भुंकला नाही. आपण सकाळी जाऊन बघतो तर हे असं."

"अगदी असंच," डॉक्टरीणबाई म्हणाली. "शिकाऊ डॉक्टरांना सांगेन मी हे."

"म्हणजे तिला विसरण्याचा आजार नाही?" मेइचूचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"ते आज सांगता येणार नाही. असेलही थोडा. गोळी बदलू, महिनाभर साखर नीट राहू दे, मग तपासू. पण साखर अडतीस असलेल्या माणसाच्या बुद्धीची परीक्षा घेऊ नये." तिने पेन उघडलं. "घरी औषध कोण देतं?"

आला. तो प्रश्न आला. मेइचूने मान वळवली. किमचुआनने खाली पाहिलं.

"मी," लीश्या म्हणाली. "गोळी मीच हातावर ठेवते. खाल्लं की नाही, ते मी वाडग्यावरून ठरवलं. तोंडाकडे पाहिलं नाही. आणि घरातली सगळी साखर मीच काढून टाकली होती." मग तिने राहिलेलंही बोलून टाकलं. "मेइचू, फोनवर झेपत नाही म्हणाले, तेही मीच. तुला वाटत असेल की मुद्दाम..."

"मुद्दाम कोण म्हणतंय?" मेइचू म्हणाली. पण म्हणायच्या आधी एक क्षण गेला होता, आणि तो दोघींनाही कळला.

"तिला काय बोलतेस?" पडद्याआडच्या खाटेवरून आवाज आला. सगळे चपापले. "फसवायचं म्हणून मी फसवलं. वाडगा धुऊन पालथा घातला की ती खूश होते. पोरीला त्रास नको म्हणून केलं मी. मांजरीची चंगळ झाली, तेवढंच."

"आई, तू ऐकत होतीस?"

"कान शाबूत आहेत माझे. वृद्धनिवासाचंही ऐकलंय. गेल्या महिन्यात. खिडक्यांना जाळ्या आहेत म्हणे."

 तेवढ्यात नर्स आत आली आणि म्हणाली, दर तासाला साखर बघायचीय, घरच्यांनी आकडे लिहून ठेवायचे, कागद आहे का? मेइचूने पर्स उघडली. आतून घडी घातलेला फॉर्म काढला. त्याची पाठ कोरी होती. तिने तो गुडघ्यावर सपाट केला, आणि कोऱ्या बाजूला वेळ लिहिली, त्यापुढे आकडा. तीन वाजता, एकशे चार.

लीश्याकडे न बघताच ती म्हणाली, "फॉर्म काय, दुसरा मागवता येतो."

"हो," लीश्या म्हणाली. "ठाऊक आहे."

चारला ब्याण्णव. पाचला एकोणसत्तर. नर्सने सलाईनची धार वाढवली.  तिघेही थेंबांकडे बघत बसले. सहाला एकशे अठरा आले, तेव्हा मेइचूने तो आकडा दोनदा गिरवला.

* * *

साडेसहाला थ्येनफाकाका आले. हातात चार मजली डबा होता.

"झालं का त्यांचं?" सासूबाईंनी पहिलं हेच विचारलं.

"झालं. तुम्ही गेल्यावर पहिल्याच फटक्यात कौल मिळाला. पितरांना पोचवायचे कागदी पैसेही जाळले. सगळं गरम करून आणलंय." काका खुर्चीवर टेकले. आज ते त्यांच्या बाहत्तर वर्षांपेक्षा बरेच म्हातारे दिसत होते.

"आणि मला पाजलं तेव्हा काय पडला होता?"

"एक उताणा, एक पालथा."

सासूबाईंनी दिराकडे नीट पाहिलं. "भावजी, मी या घरात आले तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होता. आंबे चोरून आणायचे आणि आणले नाहीत म्हणायचे. तेव्हाही तुमचे कान असेच लाल व्हायचे."

काकांचा हात कानाकडे गेला. लीश्याने मान खाली घातली. किमचुआन आणि मेइचू एकमेकांकडे बघू लागले.

"दोन्ही पालथे होते," काका शेवटी म्हणाले. "चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, खोटं बोलू नका. आज दादांच्याच नावावर बोललो. दुपारभर त्यांची माफी मागत बसलो होतो."

 सलाईनचे थेंब पडत होते. सासूबाई आता चिडणार, की रडणार, की उद्यापासून जेवणच सोडणार, ते लीश्याला कळेना. 

"पन्नास वर्षं संसार केला," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी जिवंतपणी कधी 'तू आधी जेव' म्हटलं नाही. मेल्यावर कुठून म्हणतील? सुचणारच नाही त्यांना." त्यांनी सुरकुतलेला हात पांघरुणावरून फिरवला. "तुम्ही म्हणालात ते बरं केलंत, भावजी. कुणीतरी म्हणायला हवं होतं."

मग त्यांनी डब्याकडे बोट केलं. "लीश्या, सूप कुठल्या पुडात आहे?"

लीश्याने कोंबाच्या सुपाचं पूड उघडलं आणि चमचा भरून त्यांच्या तोंडाजवळ नेला. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण पकड सोडायची नव्हती. चमचा त्यांनी हळूच उलट दिशेला वळवला, लीश्याच्या तोंडाकडे.

"सकाळी अंदाजाने मीठ टाकलंय," त्या म्हणाल्या. "आधी तू चाख. बरोबर आहे का सांग."

लीश्याने चाखलं.

"खारट आहे, आई."

"वाटलंच मला," सासूबाई म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.